इंजिन सध्या कुठं आहे

माझा सासरा वारला तेव्हा शेषरावजी भेटायला आले. ओट्यावर टेकले, पाणी प्याले, माझ्या रडणाऱ्या साळ्याकडे बघून म्हणाले, "वाईट झालं. आता घरच्या इंजिनले तेल कोण घालून राहिलं?" साळा रडायचा थांबला. माणसाआधी इंजिनाची तब्येत, हा त्यांचा नेम. मयतीतही मोडला नाही.

भंडाऱ्यात आमच्या शेठचं डिझेल इंजिन अन् पंपाचं दुकान होतं. शेषरावजी तिथले स्टोअरकीपर, मी चौथी नापास फिटर. विकलेल्या दर इंजिनाचं त्यांच्याकडे एक पुठ्ठ्याचं कार्ड. नंबर, बदललेले पार्ट, कोण फिटर गेला, हे तर होतंच. खाली त्यांच्या अक्षरात: 'कुत्रा आहे. उजवाच पाय धरतो.' 'दोघं भाऊ बोलत नाहीत. फिटरनं दोघांकडे चहा प्यावा.' शेवटची ओळ मात्र पेन्सिलीची: 'सध्या कुठं'. कारण आमच्याकडचं इंजिन धान निघाल्यावर घरी बसत नाही. कोंढा गावचं एक इंजिन दिवाळीनंतर एकोडीच्या व्याह्याकडे जायचं, नाटकाच्या लाइटीसाठी. तिथून लग्नात. शेषरावजी एस.टी.च्या कंडक्टरांना विचारून ती ओळ खोडत, नवी लिहीत. फिटरांना कामं वाटायचेही तेच.

इथं माझं एक सांगतो. सुमन, माझी बायको, त्या वर्षी अंथरुणाला खिळली होती. संध्याकाळी तिला उठवून बसवायला, भरवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. अंधार पडायच्या आत घर गाठायचं, एवढंच मला हवं होतं. पण ते मी कोणाला सांगितलं नाही. मागायची मला लाज. नशिबानं कामं जवाहरनगरच्या बाजूचीच लागायची, सायकलवर जाऊन येण्यासारखी.

तेवढ्यात शेठनं कॉम्प्युटर आणला. आता स्टॉक, विक्री, रिपेरी, फिटरची पाळी, सगळं एकच पेटी बघणार. पेटीच्या खोलीत कूलर. बाहेर चपला काढायच्या. शेषरावजींनी टोपीही काढली. नागपूरचा ऑपरेटर एकेक कार्ड भरू लागला.

"काका, एका इंजिनाला एकच पत्ता बसतो."

"काहून? झाड आहे का ते?"

"शेऱ्याला जागाही थोडी आहे."

"तेवढ्यात कुत्रा मावन, बाबू. पाय बाहेर राहून जाईन."

पेटीनं पहिल्याच आठवड्यात मला तपासणीसाठी कोंढ्याला धाडलं. मालक म्हणाला, "इंजिन नाटकाले गेलं नं भाऊ. तुम्ही पेरू खा." मी पेरू खाऊन परत आलो. पेटीनं छापलं: काम पूर्ण.

मग पाळीनं एकोडी आली. इंजिन सापडलं, बस चुकली. घरी पोचलो तर सुमनच्या उशाशी सकाळचं पाणी तसंच. म्हणाली, "मले भूक नव्हतीच."

दुसऱ्या दिवसापासून शेषरावजी पेटीच्या खोलीत ठाण मांडून बसले. "बाबू, एक रकाना वाढव." ऑपरेटर म्हणे, होत नाही. हे म्हणत, "मी बसलो आहो. कूलर बरा आहे तुमचा." डबाही तिथंच खायचे. आम्ही बाहेर हसायचो, म्हातारा कुत्र्याच्या पायासाठी भांडून राहिला. पाचव्या दिवशी ऑपरेटरनं कंटाळून रकाना वाढवला. पुढच्या सोमवारपासून माझ्या वाट्याला पुन्हा जवाहरनगर.

मी म्हटलं, "पेटी सुधरली, शेषरावजी."

"तुझं थोबाड लांब धाडाची तिले लाज वाटते."

सुमन त्या उन्हाळ्यात गेली. मी कामावर परतलो तेव्हा ऑपरेटर फिटरांची छापील यादी घेऊन आला. माझ्या नावापुढं, नव्या रकान्यात, लिहिलं होतं: 'पाचच्या आत घरी. विचारू नये.'

"काका, हे आता काढायचं का?" त्यानं शेषरावजींना विचारलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"राहू दे."

त्या दिवशी पाच वाजता त्यांनी स्टोअरला कुलूप लावलं नि माझ्या सायकलीबरोबर पायी घरापर्यंत आले. तांदूळ त्यांनी निवडले, स्टोव्ह मी पेटवला. हाताला सवय, भात मऊच झाला, सुमनला लागायचा तसा गिचका. त्यांनी दोनदा घेतला.