भाऊजींनी मोजलेली मेमरी

ताई गेली तो मंगळवार होता. स्मशानातून आम्ही देवरीच्या घरी परत आलो. भाऊजींनी हातपाय धुतले, खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटर सुरू केला.

ओसरीवर बसलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणीतरी हळूच म्हणालं, "धक्का बसला त्यायले." धक्का बसला होताच, पण भाऊजी शुद्धीवर होते. ते ताईचा फोटो शोधत होते. ताईला कॅमेऱ्यासमोर एकटं उभं राहायला आवडत नसे. मशीनमध्ये एकही निघाला नाही. अल्बम काढला, तर लग्नातल्या फोटोत तिची मान खाली. उरला एकच, विहाराच्या पायऱ्यांवर काढलेला महिला मंडळाचा. त्यात ताई शेवटच्या रांगेत, चेहरा तिळाएवढा.

भाऊजी मोजणी खात्यात होते. शेतांच्या हद्दी मोजायच्या आणि नकाशे काढायचे, यातच त्यांची सगळी नोकरी चालली होती. त्यांनी तो फोटो नागपूरला नेला आणि होईल तेवढा मोठा स्कॅन करून सीडीवर आणला. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यावर मागे राहिलेलं ते जुनं मशीन सीडी पाहूनच दमलं. मेमरी पुरत नाही, असं त्यानं पडद्यावर लिहून दाखवलं. फोटो उघडेना.

आम्ही दोघं गोंदियाला एका स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला म्हणाला, "अंकल, फाइल छोटी कर देता हूँ. आंटी का चेहरा भी साफ कर देता हूँ, पीछे गार्डन डाल देंगे."

"चेहरा साफच हाये तिचा," भाऊजी म्हणाले. "अन् लहान काऊन करतोस? नकाशा लहान केला का नाला गायब होते. मंग भांडणं मलेच निस्तरा लागतात."

स्टुडिओवाल्याला नाला समजला नाही. भाऊजींनी सीडी उचलली आणि चालू पडले.

मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, रॅम वाढवा." दुकानदारानं मशीन उघडून पाहिलं. या बोर्डात याहून जास्त मेमरी लागत नाही, नवीनच घ्या, म्हणाला. भाऊजी उसळले. "घरातलं माणूस थकलं तं बदलून आणतेत का तुमच्या इकडं?" दुकानदारानं स्क्रू परत लावून दिले.

मग त्यांनी जागा मोकळी करायला घेतली. मुलीचे खेळ गेले, गाणी गेली. असं साफ करता करता त्यांना एक लपलेली फाइल सापडली. भलीमोठी. नाव पेजफाइल. मी वाचत बसलो होतो, मला हाक आली.

"साळेबुवा, इकडं या! हा पाहा. सातबाऱ्यावर नाव नाही अन् एवढी जागा दाबून बसला."

"असू द्या भाऊजी, काहीतरी कामाची असेल."

"अतिक्रमण करणारा हरेक जण असंच म्हणते."

आणि त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन तिला बेदखल केलं. मशीन बंद करून चालू केलं. त्यानंतर फोटोचं सोडाच, साधं पत्र टाइप करायला घेतलं तरी ते गुदमरू लागलं. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "चुकलो जी. अतिक्रमण नव्हतं. वहिवाट होती."

आयुष्यभर ग्रंथालयात काम करूनही मला ही पेजफाइलची व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे डिस्कवरची उसनी मेमरी, कधी कळली नव्हती. ती त्या सकाळी कळली. "मेज लहान असला," भाऊजी म्हणाले, "तं एक नकाशा पसरला का दुसरा कोठडीत नेऊन ठेवा लागते. लागला का मंग परत आणा. वेळ लागते, पण काम होते. मी कोठडीलेच कुलूप लावलं होतं."

बंद पडलेल्या एका नेट कॅफेतून त्यांनी जुनी हार्ड डिस्क आणली, मशीनमध्ये बसवली आणि ती सगळीच्या सगळी पेजफाइलला देऊन टाकली. कमीत कमी जागा आणि जास्तीत जास्त जागा, दोन्ही आकडे सारखेच. मशीननं मधेच कमीजास्त करायचं नाही. टेबलावर थाप मारून म्हणाले, "हद्द कायम!" ते त्यांचं लाडकं वाक्य. शेतकरी, तलाठी, पाहुणे, सगळ्यांना त्यांनी ते ऐकवलेलं होतं.

त्या दिवसांत भेटायला माणसं येत. घरात खुर्च्या तीन. भाऊजींनी तिथंही हीच पद्धत लावली. चौथा माणूस दारात दिसला की बसलेल्यांपैकी जो सगळ्यात जास्त वेळ गप्प असेल, त्याला उठवत. "तुमी मागच्या सपरीत बसा जी. लागलं तं बलावतो." मी मुळात कमी बोलणारा. माझं सगळं दुःख मागच्या सपरीत, पडवीतल्या सरपणाशेजारी बसून झालं. एकदा सरपंचही तिथं आले. "मले काऊन इकडं पाठवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही बोलला नाहीत." ते म्हणाले, "दुःखात बोलाचं नसते म्हणून चूप होतो ना बाप्पा!"

फोटो उघडायचा पहिला प्रयत्न भारनियमनानं बुडवला. अर्धं आकाश आणि विहाराचं टोक दिसलं आणि वीज गेली. नातेवाईक म्हणाले, स्टुडिओतलाच करून घ्या, भिंतीवर लावायला काहीतरी पाहिजे. भाऊजी म्हणाले, "भिंतीसाठी नाही उघडून रायलो मी." मग कशासाठी, ते मात्र सांगेनात.

पुढच्या रविवारी सकाळी वीज येताच त्यांनी पुन्हा सुरू केलं. हार्ड डिस्क कुरकुरू लागली. वरून एकेक पट्टी उतरत होती. आकाश, निळा झेंडा, मग मागची रांग. भाऊजींनी कुणालाही माउसला हात लावू दिला नाही. पट्टी ताईच्या केसांपर्यंत येऊन थांबली. डिस्क कुरकुरत राहिली. आम्हीही थांबलो.

चेहरा आला. ताई कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. ती बाजूला पाहत होती आणि तिचा हात अर्धवट वर होता.

"मले बलावून रायली होती," भाऊजी म्हणाले. "मी तिकडं झाडाखाली उभा होतो. मंडळाचे नवरे पण या म्हणे फोटोत. मी नाही गेलो. गर्दीत काय जाचं, म्हटलं. घरी येऊन ती चूप. रागात होती का, मी कधी विचारलं नाही. साळेबुवा, तुमचे डोळे चांगले आहेत. पाहा."

त्यांनी चेहरा आणखी मोठा केला. डिस्क पुन्हा कुरकुरली. ताईच्या पुढच्या दोन दातांत फट होती. ती लपवायला ताई ओठ मिटूनच हसायची. मनापासून हसली तरच फट दिसायची.

फट दिसत होती.

"हसते आहे," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

भाऊजींनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ शर्टाच्या टोकानं पुसला.

आता भाऊजी निवृत्त आहेत. मुलगी नोकरीला पुण्यातच राहिली. दर दिवाळीला ती नव्या मशीनचं विचारते, आणि भाऊजी नाही म्हणतात. सकाळी वीज असली की ते फोटो उघडायला लावतात आणि चहा ठेवतात. चहा होतो, तरी फोटो अर्धाच आलेला असतो. ते कप घेऊन समोर बसतात.