वळणावरची कॅसेट

निवेसने टेपरेकॉर्डरचे लाल बटण दाबले, मरियेचे स्तोत्र चांगले अर्धा तास घोळवून म्हटले आणि आपला आवाज कसा लागला ते ऐकायला कॅसेट मागे घेतली. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आले, की आपण यंत्रात कॅसेट घातलीच नव्हती. ती आधीपासून आत होती.

तिने ती बाहेर काढली. वर नवऱ्याच्या अक्षरात लिहिले होते : ‘वळण. कोणीही हात लावू नये.’

निवेसने ती झटकन पुन्हा आत सरकवली.

तिचा नवरा लेआर्को, वय शहात्तर, याने शर्यतीच्या लाल गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात, इंजिने तपासायच्या खोलीत एकतीस वर्षे काढली होती. आमच्या गावात माणसाची किंमत त्याच्या कानावरून होते. रस्त्यावरून गाडी गेली, की पत्त्यांतून मान वर न करता तिला सिलिंडर किती आणि चालवणारा किती गाढव, हे सांगता आले पाहिजे. लेआर्को तर यापुढे जाऊन चालवणाऱ्याचे बायकोशी भांडण झाले आहे का, तेही सांगायचा. पंचाहत्तर साली त्याने ट्रॅकच्या शेवटच्या वळणावर पॉपलरच्या झाडाला मायक्रोफोन टांगून बारा सिलिंडरच्या गाडीच्या नऊ फेऱ्या टिपल्या होत्या. तिसऱ्या फेरीत एक कुत्रा दोनदा भुंकतो. गावातल्या म्हाताऱ्यांना तो कुत्रा सख्ख्या भावासारखा ओळखीचा होता.

“आताच्या गाड्या?” लेआर्को म्हणायचा. “आमच्या निवेसचा व्हॅक्यूम क्लीनर लावा. त्याच्यात जास्त जीव आहे!”

म्हणून शर्यतीच्या रविवारी त्याच्या घरी चार मित्र जमत. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करत आणि ही कॅसेट लावत. चित्र नव्या गाडीचे, आवाज जुन्या गाडीचा. पडद्यावर गाडी ब्रेक मारायची आणि आवाज चढतच जायचा, पण त्याची फिकीर कोणाला नव्हती. आईच्या दफनाच्या वेळी कोरड्या डोळ्यांनी उभा राहिलेला लेआर्को दुसऱ्या गियरमधून तिसरा पडताना रुमाल शोधायचा. निवेसने हे चाळीस-पन्नास वेळा पाहिले होते, आणि दर वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिलाही भरून यायचे. आज मंगळवार होता. येत्या रविवारी घरच्या ट्रॅकवरची शर्यत होती आणि कॅसेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मरियेचे स्तोत्र होते, तेही थोडे बेसूर.

बुधवारी तिने फोनवर शोधले. जुन्या गाड्यांचे आवाज पाहिजे तेवढे सापडले. पण कुत्रा कुठून आणायचा? शिवाय कोणता आवाज कोणत्या वळणावरचा, हे ओळखणारी चार गिधाडे रविवारी दिवाणखान्यात बसणार होती. परका आवाज त्यांना दुसऱ्या सेकंदाला कळला असता.

गुरुवारी ती दातांचे डॉक्टर बोत्ताझ्झी यांच्याकडे गेली. त्यांच्याकडे अगदी त्याच वर्षीची गाडी असल्याची ख्याती होती.

“डॉक्टर, फक्त पाच मिनिटं चालू करा. तुमच्या घरी दोन किलो तोर्तेल्लिनी पोचवते. सारण भरून हाताने वळलेल्या, माझ्या!”

“चालू कशी करणार, बाई?” डॉक्टर म्हणाले. “गाडी आहे गॅरेजमध्ये आणि इंजिन आहे इथे.”

“इथे कुठे?”

“तुम्ही कप ठेवलाय त्याच्यावर.”

निवेसने खाली पाहिले. जाड काचेखाली बाराच्या बारा सिलिंडर घासूनपुसून लख्ख मांडलेले होते. डॉक्टरांनी त्याचे टेबल केले होते. तिने गुपचूप कॉफी संपवली, डॉक्टरांच्या सात पिढ्यांना मनातल्या मनात नावे ठेवली आणि घरी आली.

रात्रीच्या जेवणाला लेआर्को म्हणाला, “रविवारची सगळी तयारी झालीय ना? यंत्र वगैरे?”

“झालीय. पण आधी वाजवून बघू नकोस हं. फीत झिजते.”

“झिजते, झिजते,” लेआर्को लगेच म्हणाला आणि वाडग्यात तोंड खुपसले. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात नवरा पहिल्या शब्दाला कबूल झाल्याची ही पहिलीच वेळ. निवेसने देवाचे आभार मानले आणि जास्त विचार केला नाही.

शुक्रवारी चर्चमध्ये बायकांच्या गायनमंडळाचा सराव होता. पहिल्या ओळीलाच निवेसला रडू फुटले. फादर पेल्लेग्रीनोंनी ऑर्गन थांबवला आणि तिने सगळे ओकून टाकले.

“एवढंच ना?” इरीदे म्हणाली. इरीदे म्हणजे मंडळाची सगळ्यात वरच्या पट्टीची बाई. तिच्या दिवंगत नवऱ्याने आयुष्यभर त्याच कारखान्यात पिस्टन घासले होते. “आवाज कसा होता ते तरी सांग.”

“कसा म्हणजे? पहिल्यांदा खालून, गुर्र्र करून—”

“छे! हा तर ट्रॅक्टर झाला. असा.” इरीदेने डोळे मिटले, छाती भरून घेतली, आणि तिच्या गळ्यातून असे काही निघाले की मेणबत्त्यांच्या ज्योती हलल्या.

“ही तर सहा सिलिंडरची,” मागच्या बाकावरून जाडजूड फेर्नांदा म्हणाली. “खालचा आवाज कुठे आहे? तो मी धरते.”

या बायकांनी इंजिनाला कधी हात लावला नव्हता. पण जेवताना, न्हाताना, झोपेत, नवऱ्यांनी तोंडाने काढलेले हेच आवाज त्यांनी पन्नास वर्षे ऐकले होते. एकेकीला ते देवाच्या प्रार्थनेपेक्षा जास्त पाठ होते.

“हे देवाचं घर आहे,” फादर म्हणाले. “आणि ही शुद्ध फसवणूक आहे, निवेस.”

“फादर, लाल गाडी जिंकली की घंटा कोण वाजवतं?”

“ती जुनी प्रथा आहे.”

“हो ना. आणि गाडी इतक्या वर्षांत जिंकली नाही म्हणून घंटेत कबुतरांनी घरटी केलीत, त्याचं तुम्हाला माझ्याइतकंच दुःख आहे. म्हणा नाही!”

फादरनी नाही म्हटले नाही. त्यांनी एकदा क्रुसाकडे पाहिले, मग ऑर्गनचा सगळ्यात खालचा सूर पायाने दाबून धरला आणि हळूच विचारले, “कुत्रा कोणत्या फेरीत आहे म्हणालीस?”

निवेस धावत जाऊन घरून कॅसेटसकट यंत्र घेऊन आली आणि मधोमध उभी राहिली. इरीदेने सूत्रे हातात घेतली.

“फेर्नांदा, तू पाचव्या गियरमध्ये आहेस, बाकीच्या अजून तिसऱ्यात! वळण येतंय, वळण, श्वास सोडा… आता दाबा!”

गियर बदलताना सगळ्यांनी एकदम श्वास तोडायचा आणि फादरनी प्रार्थनेचे पुस्तक बाकावर आपटायचे, असे ठरले. चर्चच्या उंच छताने तो आवाज असा काही घुमवला की सहाव्या फेरीला खुद्द निवेसच्या अंगावर काटा आला.

मात्र तो आवाज छतापाशी थांबला नाही. बाहेर चौकात पाण्याच्या नळासाठी खड्डा खणणे चालू होते आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सात-आठ निवृत्त म्हातारे हात पाठीमागे बांधून खणणाऱ्यांच्या चुका काढत उभे होते. त्यांत लेआर्कोचा मित्र ओरियानोही होता. गियरबॉक्स जोडण्यात ज्याची हयात गेली, तो ओरियानो. त्याचे कान टवकारले. त्याने टोपी काढली. नववी फेरी संपली तसा तो चर्चच्या दाराकडे धावला आणि त्याच्यामागे खणणाऱ्यांसकट सगळी पलटण.

“फादर! दार उघडा! आत बारा सिलिंडरची गाडी आहे!”

निवेस यंत्र पोटाशी धरून मागच्या दाराने पसार झाली. फादर पुढचे दार जेमतेम वीतभर उघडून उभे राहिले.

“ऑर्गनमध्ये उंदीर शिरलाय, ओरियानो.”

“उंदीर? तिसरा गियर टाकणारा उंदीर?”

“मोठा आहे,” फादर म्हणाले आणि दार लावून घेतले. त्या खोट्याचे प्रायश्चित्त त्यांना पुढे करावे लागले असणार.

ओरियानो त्या दिवशी संध्याकाळी बारमध्ये सगळ्यांना शपथेवर सांगत होता आणि सगळे त्याच्या ग्लासातली लांब्रुस्को वाइन मोजत होते. “म्हातारचळ लागलाय,” लेआर्को घरी येऊन हसत हसत निवेसला म्हणाला, “म्हणे चर्चमध्ये गाडी!” निवेसने हसायचा प्रयत्न केला. ओरियानोने तो आवाज ऐकला आहे आणि परवा तो आपल्याच दिवाणखान्यात पुन्हा ऐकणार आहे, या विचाराने तिला दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवार उजाडला. चौघे मित्र सॉसेज आणि बाटल्या घेऊन हजर झाले. निवेस स्वयंपाकघरात पिठाच्या चौकोनी पुऱ्या तळत होती आणि कान सगळे बाहेर होते. टीव्हीचा आवाज बंद झाला. बटणाचा खट्ट आवाज आला. मग खालून, फेर्नांदाच्या पोटातून, इंजिन जागे झाले.

बाहेर कोणी खोकले नाही, कोणी बाटली उघडली नाही. पहिली फेरी गेली. दुसरी गेली. तेल जास्त तापून धूर निघायला लागला तरी निवेस झारा धरून तशीच उभी. तिसऱ्या फेरीत फादर पेल्लेग्रीनो दोनदा भुंकले.

“हाच!” ओरियानो किंचाळला. “हाच आवाज! शुक्रवारी चर्चमध्ये हाच होता!”

निवेसने झटकन गॅस बंद केला आणि कान दाराला लावला.

“अर्थात हाच,” लेआर्कोचा आवाज आला, शांत. “पन्नास वर्षं हाच तुझ्या डोक्यात आहे. चर्चमध्ये गेलास तरी हाच ऐकू येणार. बस खाली.”

ओरियानो खाली बसला. नऊच्या नऊ फेऱ्या झाल्या तेव्हा तो रडत होता, त्याच्या शेजारचे दोघे रडत होते आणि पडद्यावर लाल गाडी सातव्या नंबरवर आली होती, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

“लेआर्को, आज काय केलंस रे?” एकजण नाक शिंकरत म्हणाला. “गेली काही वर्षं तिला सर्दी झाल्यासारखी वाटायची. आज कशी खणखणीत!”

“यंत्राचं हेड पुसलं,” लेआर्को म्हणाला.

मित्र गेले. निवेस ताटे गोळा करायला बाहेर आली तर लेआर्को यंत्रासमोर खुर्ची ओढून बसला होता.

“लेआर्को, मला तुला एक—”

“एक सिलिंडर पेटत नव्हता.”

“काय?”

“अकराच चालत होते. ओरियानो गियरबॉक्सवाला, त्याला काय कळणार? पण मी पहिल्यापासून ऐकत होतो. सूर भरलेला, पण एक जागा रिकामी.” त्याने तिच्याकडे पाहिले. “इरीदेचा गळा तर मी झोपेतही ओळखीन. तुम्ही किती जणी आहात मंडळात?”

निवेस ताटे घेऊन त्याच्याकडे वळली. “बारा. पण मी… मी यंत्र धरून उभी होते.”

“तरीच.”

मग मात्र तिचा बांध फुटला. मंगळवारचे लाल बटण, डॉक्टरचे टेबल, फादर, उंदीर, सगळे तिने एका दमात सांगितले. “तुझी खरी फीत मी पुसली रे! पंचाहत्तर सालची! तुझ्याजवळ तेवढीच एक होती, आणि मी त्याच्यावर स्तोत्र म्हटलं!”

लेआर्को उठला. घरात दुसरे कोणी नव्हते, तरी त्याने दार लावून घेतले.

“तू नाही पुसलीस,” तो म्हणाला. “खरी फीत सहा वर्षांपूर्वी या यंत्राने खाल्ली. चावून चोथा केला. मी कोणाला सांगितलं नाही.”

“मग सहा वर्षं आम्ही काय ऐकतोय?”

लेआर्कोने चष्मा काढून पुसला. “मला.”

“तुला?”

“तळघरात. वाइनच्या रिकाम्या पिंपात डोकं घालून. चार दिवस घसा बसला होता, तू मला मध आणि गरम दूध द्यायचीस, आठवतं?”

“आणि कुत्रा?”

“तोही मीच.”

निवेसने ताटे खाली ठेवली. “म्हणजे तुझ्या थुंकीसाठी मी आठवडाभर जिवाचं रान केलं? फादरला खोटं बोलायला लावलं? इंजिनावर कप ठेवून कॉफी प्यायले?” तिने हातातल्या फडक्याने त्याला दोन सणसणीत लगावले, तिसरा मारताना तिला हसू फुटले आणि हसता हसता ती त्याच्या शेजारी बसली.

“एकट्या माणसाच्या गळ्यात बारा कसे मावणार?” लेआर्को म्हणाला. “सहा वर्षं सगळे रडायचे, आणि मला तेवढं माहीत असायचं की हे ते नव्हे. आज डोळे मिटले आणि मी वळणावर होतो. पॉपलरचं झाडसुद्धा दिसलं.”

त्याने कॅसेट यंत्रातून काढून जपून डबीत ठेवली. लेआर्कोने चर्चच्या आत शेवटचे पाऊल लग्नाच्या दिवशी टाकले होते, आणि तेही सासऱ्याने ढकलले म्हणून.

“तुमचा सराव शुक्रवारीच असतो ना?” त्याने विचारले.

“हो. का?”

“मी येतो. बटण मी दाबतो. तू गा.”