इंग्रजीला कान दिले त्याची गोष्ट

कारखान्यात नवे मॅनेजर आले. त्यांना इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं, म्हणून रंगाच्या गोदामातल्या स्टोअरकीपरने ठरवलं, आपणही कान तयार करायचे. बोलायचं मग बघू, आधी कळू तर दे! मोबाइलवर छोटी छोटी इंग्रजी संभाषणं मिळाली, शेवटी प्रश्न असलेली. जेवण झालं की स्वारी कानांत इअरफोन खुपसून खुर्चीत. त्यांत दुकानात कुणीतरी छत्री विसरायचं आणि मग प्रश्न यायचा, छत्री कुठे राहिली? (स्वतःची छत्री त्याला जन्मात सापडली नव्हती. ही बरोब्बर सापडायची.)

"अहो, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय," बायको म्हणाली.

त्याने हात वर केला. "थांब गं, तिची गाडी चुकलीय."

"कुणाची?"

"अगं, हिची!"

बायकोने इअरफोन उपटला. "माझ्या पोटात गाठ आहे. सोमवारी काढणार."

त्याने दुसराही इअरफोन काढला आणि मोबाइल बंद केला.

सकाळी त्याने रजेचा अर्ज दिला. शुक्रवारी मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बराच वेळ बोलत राहिले. हा जिवाचा कान करून ऐकत होता. मार्केट, सॉरी, असलं काहीबाही निसटून गेलं, पण शेवटचं वाक्य अगदी स्वच्छ कळलं : "वुई हॅव टु लेट यू गो."

जाऊ देताहेत! त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "थँक यू सर! माय वाइफ विल बी व्हेरी हॅपी!"

मॅनेजरांचा चेहरा पडला. (काय देवमाणूस! परक्याच्या बायकोची एवढी काळजी!)

ऑपरेशन झालं. गाठीचा रिपोर्ट यायचा होता. बायकोला आणि मुलीला जरा बरं वाटावं म्हणून त्याने कॉटशेजारी बसून साहेबांच्या चांगुलपणाची गोष्ट सांगितली, ते इंग्रजी वाक्यासकट.

कॉलेजात जाणारी मुलगी पांढरीफटक पडली. "बाबा, ती रजा नव्हती. तुम्हाला कामावरून काढलंय."

मग बायकोने क्षीण आवाजात विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"थँक यू."

"आणखी?"

"माझ्या बायकोला फार आनंद होईल, म्हटलं."

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्या पाण्यातूनच ती हसायला लागली. टाके ओढले गेले, ती कळवळली, तरी हसू थांबेना. नर्स धावत आली.

"पेशंटला हसवतंय कोण?"

बायकोने पोट धरून नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"हे. सध्या यांना दुसरं काही काम नाहीये."