आप्पांचं पाणी मर्यादेत आहे

पाणी ही वस्तू मुळात स्वच्छच असते. ते घाण होतं ते तपासल्यामुळे. हे सत्य फार थोड्यांना उमगलेलं असतं. त्या थोड्यांपैकी एक, श्री. मधुकर आठल्ये, खारघरला आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहतात.

मधुकरराव तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात (नाव सांगण्याची पद्धत नाही) पाणी विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्याबाहेर पडणाऱ्या पाण्याचा एकही अहवाल मर्यादेबाहेर गेला नाही. पाणी कधीमधी गेलं असेल, अहवाल नाही. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांना शाल दिली आणि ‘तुमच्यामुळे आम्ही निर्धास्त झोपलो’ असं सांगितलं. खाडीकाठच्या लोकांच्या झोपेचा उल्लेख भाषणात नव्हता.

खारघरमध्ये निवृत्त माणसाला तीन मार्ग खुले असतात: टेकडीवर चालणं, गुडघा बदलणं आणि सोसायटीच्या कमिटीत शिरणं. वडील तिसऱ्याकडे वळतायत हे दिसताच मुलगा पार्थ घाबरला आणि त्याने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. आत पांढरी वाळू, जिवंत समजले जाणारे दगड (त्यांनी तसं कधी दाखवलं नाही) आणि एकच मासा. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, जातीने क्लाउनफिश. आठल्यांच्या सात पिढ्यांत घरात आलेला हा पहिला मासा. त्याचं तोंड सतत काहीतरी तक्रार असल्यासारखं उघडमीट करायचं, म्हणून सुनेने, ईश्वरीने, त्याचं नाव आप्पा ठेवलं. घरात त्याला कोणी अरेतुरे केलं नाही.

थोड्याच दिवसांत वाळूवर तपकिरी भुकटी बसली. मग काचेला हिरवी साय धरली. मग दगडांना लांब हिरवे केस फुटले आणि पाण्याबरोबर डुलू लागले. नवशिक्याच्या टाकीत शेवाळ माजणं ही नेहमीची गोष्ट आहे, पण मधुकररावांनी शेवाळ हा शब्द वापरला नाही. ते त्याला हरितपट्टा म्हणत, आणि हरितपट्ट्यात समाधानकारक वाढ झाल्याचं पाहुण्यांना सांगत.

पाण्याची तपासणी मात्र ते नियमाने करत. बाल्कनीत एक निळं पिंप होतं, त्यात शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवून ठेवलेलं असे. टाकीतलं थोडं थोडं पाणी काढून त्या जागी हे घालायचं, अशी मूळ योजना होती. मधुकरराव नमुना या पिंपातून घेत. (टाकीत हात घातला तर आप्पा बिचकतात, हे शास्त्रीय कारण.) नळीत औषधाचे थेंब टाकले की पाणी छान पिवळं राही. पिवळं म्हणजे निर्दोष. हिरवं झालं तर अमोनिया, म्हणजे माशाला विष.

हा अहवाल ते खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्या नवशिक्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत. त्या ग्रुपवर चाळीस टक्के सभासद टाकीवरचा दिवा कमी लावा म्हणत, चाळीस टक्के जास्त लावा म्हणत आणि उरलेले वीस टक्के सुप्रभात म्हणत. मधुकररावांचे निष्कलंक आकडे पाहून ग्रुपने त्यांना एकमताने ॲडमिन केलं.

इकडे टाकीतलं पाणी पिवळसर झालं, त्यावर तेलकट तवंग आला आणि वास सुटला. ईश्वरी म्हणाली की हॉलमध्ये बसलं की खाडीपुलावर गाडीची काच उघडी राहिल्यासारखं वाटतं. ग्रुपवरच्या एकाने जाताजाता लिहिलं होतं की शेवाळाचं मूळ बहुतेक वेळा जास्त खाणं हे असतं. मासा खात नाही ते कुजतं आणि शेवाळ त्यावर पोसतं. तेव्हा एका रविवारी मधुकररावांनी चहाच्या वेळी घरच्यांची रीतसर चौकशी केली.

ते स्वतः सकाळी चिमूटभर खाणं घालत. तो अधिकृत आहार. चौकशीत पुढीलप्रमाणे निष्पन्न झालं. अरुणाताई, म्हणजे मधुकररावांच्या पत्नी, टाकीसमोर जेवायला बसत. आप्पा टक लावून बघत असताना त्यांना घास गिळवेना, म्हणून त्या वरणभाताची चार शितं आत सोडत. (वर तूप. कोरडा भात घशाखाली कसा उतरेल? एकादशीला साबुदाणा.) पार्थ रबाळ्याच्या ऑफिसातून दमून येई आणि कोणाशीही न बोलता आप्पांना चिमूटभर घाली; त्या घरातला तो त्याचा सर्वांत मोकळा संवाद होता. ईश्वरी घरून काम करी. मीटिंगमध्ये बॉस बोलायला लागला की ती एक चिमूट टाकायची, आणि त्या तिमाहीत बॉस बरंच बोलला.

चौकशीला कमळाकरशेठही हजर होते. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या वडिलांची भातशेती. आता त्यांचे इथे चार फ्लॅट आहेत आणि संध्याकाळचा चहा ते आठल्यांकडे घेतात. त्यांच्या शर्टाच्या खिशातून, कोणी न विचारता, सुक्या जवळ्याचा वास येत होता.

“दर्याचा जीव हाय तो,” ते म्हणाले. “वरनभातावर किती दिस काढील? मी आपला चिमूटभर जवला टाकतो. त्यानं काय व्हतंय?”

अरुणाताईंनी प्रथमच त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. त्यांचं वरण ज्या पाण्यात होतं त्याच पाण्यात जवळा पडत होता.

मधुकररावांनी प्रत्येकाला प्रमाण विचारलं. प्रत्येकाने चिमूट सांगितली. चिमूट मर्यादेत बसते. सर्वजण आपापल्या जागी मर्यादेत आहेत. ज्याअर्थी सर्वजण मर्यादेत आहेत, त्याअर्थी कोणीही प्रदूषण करत नाही. ज्याअर्थी घरातलं कोणी करत नाही, त्याअर्थी ते बाहेरून येत असलं पाहिजे. निर्णय सर्वांना पटला. बाल्कनीचं दार बंद करण्यात आलं.

खबरदारी म्हणून त्यांनी अचानक तपासणीही ठेवली आणि तिची सूचना रीतीप्रमाणे आदल्या दिवशी दिली. तपासणीच्या दिवशी कोणी टाकीकडे फिरकलं नाही. पाणी चक्क थोडं निवळलं. तपासणीमुळे पाणी सुधारतं, असं अनुमान त्यांनी ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी आप्पा उपाशी राहिले म्हणून प्रत्येकाने आपापली चिमूट भरून काढली.

बुधवारी दुपारी अरुणाताई पोळ्या करत होत्या. सहज हॉलमध्ये डोकावल्या, तर आप्पा कोपऱ्यात आडवे होऊन तरंगत होते. कल्ले भराभर हलत होते. तोंड उघडं होतं, आणि या वेळी ती तक्रार नव्हती. तव्यावर पोळी करपत राहिली.

मधुकरराव धावत आले, नळी घेतली आणि वळले ते सरळ बाल्कनीतल्या पिंपाकडे. पाय आपोआप गेले. अरुणाताईंनी त्यांचं मनगट धरलं.

“अहो, रिपोर्ट कुणाला पाठवायचाय?” त्या हळूच म्हणाल्या. “इथं आप्पा आहेत आणि आपण आहोत.”

मधुकररावांनी नळी टाकीत बुडवली. थेंब टाकले. नळी हिरवी झाली. फिकट नव्हे, तुलनेच्या कार्डावर अगदी तळाला असतो तो गडद हिरवा. इतक्या वर्षांत तो रंग त्यांनी फक्त छापलेला पाहिला होता. नमुना थोडा पातळ करून पुन्हा घ्यावा, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ते गिळून त्यांनी नळी बाजूला ठेवली. मग त्यांनी लेंग्याच्या बाह्या, म्हणजे सदऱ्याच्या, वर केल्या. (गडबडीत त्यांनी आधी लेंगाच वर केला होता.)

पुढचा तासभर त्या घरात जे झालं त्याला कार्यपद्धती म्हणता येणार नाही. मधुकररावांनी रबरी नळी तोंडाने ओढली आणि आपल्या घरच्या वरणाची चव त्यांना नव्याने कळली. गडबड ऐकून आलेले कमळाकरशेठ कोपरापर्यंत हात घालून हरितपट्टा मुळासकट उपटू लागले. अरुणाताई पिंपातलं ताजं पाणी तांब्या-तांब्याने आत सोडत होत्या, देवाला अभिषेक करावा तसं. नमुन्यांना पुरून उरलेलं ते निर्दोष पाणी अखेर माशाच्या वाट्याला आलं.

ईश्वरी मीटिंगमधून “आप्पा सीरियस आहेत, त्यांचं पाणी बदलायचंय” एवढंच म्हणून उठली. बॉसने गहिवरून तिला आठवड्याची रजा दिली. पार्थला ‘आप्पा अत्यवस्थ’ असा मेसेज गेला होता. तो त्याने घाईत ऑफिसच्या ग्रुपवर पुढे पाठवला. रबाळ्याहून तो घरी पोचेपर्यंत सहकाऱ्यांचे सांत्वनाचे निरोप आले होते, आणि एकाने अग्नी कुठे देणार म्हणून विचारलं होतं.

दिवेलागणीच्या सुमारास आप्पा सरळ झाले. त्यांनी दगडाभोवती एक फेरी मारली, काचेपाशी आले आणि सर्वांकडे पाहून तक्रार केली. अरुणाताईंनी पदर डोळ्यांना लावला. कमळाकरशेठांचा हात नकळत खिशाकडे गेला, तो पार्थने धरला.

मधुकररावांनी दुपारचा खरा आकडा ग्रुपवर टाकला. नंतर नवशिक्यांचं मनोधैर्य खचतं या कारणास्तव त्यांना ॲडमिनपदावरून काढण्यात आलं. ते वाचून मधुकरराव इतके हसले की ठसका लागला. शालीच्या दिवशीही ते इतके खुशीत दिसले नव्हते, असं अरुणाताई सांगतात.

त्यानंतर खाऊ घालायचा अधिकार एकट्या अरुणाताईंकडे आला, तोही दिवसाआड आणि विनातूप. दिवा थोडा वेळच लागू लागला, पाणी नियमाने बदललं जाऊ लागलं. शेवाळ आधी फिकं पडलं, मग विरळ झालं. पाणी असं नितळ झालं की टाकी बघायला सोसायटीतली माणसं येऊ लागली. दाराशी पाटी लावावी लागली: ‘कृपया माशाला काहीही घालू नये.’ येणारा प्रत्येकजण ती मोठ्याने वाचतो, मान डोलावतो आणि म्हणतो की असे नियम हवेतच, कारण लोकांना अक्कल नसते.

मधुकरराव आता नमुना टाकीतूनच घेतात. गेल्या आठवड्यापासून नळीत पुन्हा किंचित हिरवी झाक दिसू लागली आहे. सर्व अभ्यागतांकडे चौकशी झाली. कोणीच काही घातलेलं नाही.

तुम्हीही सवडीने टाकी बघायला या. येताना बरोबर काही आणू नका, असं सांगणार होतो. पण ते इतरांना सांगायचं असतं. तुमच्या एका चिमटीने काय होणार आहे?