तपासनीस आजींचा चहा

"दंड कागदावर उभा राहत नाही, ग्लेनिस, माणसाच्या शब्दावर उभा राहतो." पहिल्या साहेबांचं हे बोलणं ऐकल्याला तीस वर्षं झाली होती. तो शब्द आज आपण घेऊनच परतणार, याबद्दल ग्लेनिस पॅस्कोला तिळमात्र शंका नव्हती. वृद्धाश्रमांवर नजर ठेवणाऱ्या खात्यात तिच्याइतकी कडक तपासनीस अख्ख्या दक्षिण ऑस्ट्रेलियात नाही, असं निदान तिचं तरी मत होतं.

प्रकरण सरळ होतं. क्लॅरी ट्रेझाइझ नावाचे म्हातारबुवा पडले, घंटी दाबत राहिले, कुणी लवकर आलं नाही. आश्रमाच्या वहीत मात्र नोंद होती, 'दहा मिनिटांत मदत दिली'. ग्लेनिसने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ते म्हणाले, आठवत नाही. उद्या खात्याचे वकील कोर्टात जाणार. साक्ष नसेल तर मालक कंपनी दंडाविना सुटणार.

म्हणून ती न कळवता आली, तीही बागेच्या दाराने. दार मागे लागलं तेव्हा कळलं, हा विस्मरण झालेल्यांचा विभाग आहे, दाराला आकड्यांचं कुलूप आहे, आणि ओळखपत्र नि फोन गाडीत राहिलेत.

मारिसेल ही सेविका आजच कामावर लागली होती. मी सरकारी तपासनीस आहे, दार उघड, असं ग्लेनिसने तिला सुनावलं.

"हो ना आजी," मारिसेल मायेने म्हणाली. "मग तपासणीआधी चहा घेऊ या."

इथल्या माणसांचं म्हणणं खोडून काढायचं नाही, हा नियम गेल्या वर्षी ग्लेनिसनेच या आश्रमाला लावला होता. ती जसजशी कायद्याची कलमं म्हणू लागली, तसतशी मारिसेलची माया वाढत गेली. पायांवर लोकरीची शाल आली, हातात दोन कानांचा पेला आला, चहात भिजवून मऊ केलेलं बिस्किट आलं. मग मारिसेल बाकीच्यांना अंघोळी घालायला गेली. ग्लेनिस घंटी दाबत बसली. चाळीस मिनिटांत खिडकीवर एक गुलाबी काकाकुवा येऊन गेला; माणूस नाही.

शेजारच्या खुर्चीत क्लॅरी होते. ते राहत पलीकडच्या विभागात, पण रोज दुपारी इथे बायकोपाशी येऊन बसत. एल्वा त्यांना ओळखत नसे, पण हात धरू देई. ग्लेनिसला त्यांनी पाहताक्षणी ओळखलं होतं, आणि अवाक्षर काढलं नव्हतं.

"घाई नको बाई," ते म्हणाले. "पोरगी एकटी आहे. त्या दिवशीचीही एकटीच होती. तिची नोकरी घालवू मी?"

ग्लेनिसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दंड पोरीला होत नाही, तिच्या एकटीवर चाळीस माणसं टाकणाऱ्या मालकाला होतो, हे तिने शांतपणे समजावलं. आधी कधी सांगितलंच नव्हतं. तिन्ही वेळा उभ्याउभ्या विचारून निघून गेली होती.

क्लॅरी एल्वाचा हात थोपटत राहिले.

"तीन तास," ते म्हणाले. "फरशीवर. लिहून घे."

पेनही गाडीतच होतं. चित्रांच्या टेबलावरच्या जांभळ्या खडूने साक्ष लिहिली गेली, क्लॅरींनी खाली झोकात सही ठोकली. आता कंपनी सुटत नाही, असं म्हणत ग्लेनिस ताठ मानेने निघाली, आणि दारापाशी येऊन थांबली.

"बाई," क्लॅरी मागून म्हणाले, "दाराचा आकडा मला माहीत आहे. मघापासून सांगेन म्हणत होतो, पण तू चहा इतका गोड मानून घेत होतीस."