वाटाड्या यंत्राचे स्थानिकीकरण

ज्याला वाट ठाऊक असते त्याला जगात काडीची किंमत नसते. किंमत असते ती वाट दाखवणारं यंत्र बाळगणाऱ्याला. रत्नागिरीहून मंडणगडला कसं जायचं हे सावित्रीबाईंना लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. एसटीत बसायचं, खेडला उतरायचं, दुसरी एसटी धरायची. त्यामुळे त्यांच्या माहेरी जाण्याचं कोणाला कौतुक नव्हतं. ते २००२ साली सुरू झालं.

झालं असं की मंडणगडला त्यांची आई अंथरुणाला खिळली. भावाचा फोन आला, "आई तुझंच नाव घेत्ये. वेळ लावू नको." सावित्रीबाईंनी देवापुढे निरांजन लावलं, आईचं तोंड पाहीपर्यंत भात सोडला आणि पिशवी भरली.

"एसटीत हाडं कशाला मोडून घेत्येस?" यजमान भास्करराव म्हणाले. "दारात गाडी आहे. नितेशने यंत्र आणलंय, तेवढं बसू दे. मग थाटात जाऊ."

नितेश म्हणजे बोटीवर नोकरीला असलेला पुतण्या. त्याने जपानहून गाडीत बसवायचा एक पडदा आणला होता. त्यात रस्ता दिसे, टीव्ही दिसे, आणि आतून एक बाई बोले. ती जपानीत बोले, पण इतक्या आदबीने की ती सांगते ते बरोबरच असणार, हे घरातल्या पुरुषांनी एकमताने मान्य केलं. (घरात मराठी बोलणाऱ्या बाईविषयी असा ठराव आजवर झालेला नाही.)

अडचण एकच होती. नकाशा जपानचा असल्याने गाडी अंगणात उभी असतानाही पडद्यावर ती भर समुद्रात दिसे. "समुद्र इथून कितीसा लांब आहे?" भास्कररावांनी यंत्राची बाजू घेतली. तरीही स्थानिकीकरण करून घेणं इष्ट, असं ठरलं.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मुकुल नावाच्या तज्ज्ञाची शेड होती. आधी तो मिक्सर दुरुस्त करी. त्याने शाळेच्या नकाशावरून रत्नागिरी जिल्हा प्लॅस्टिकच्या कागदावर गिरवला आणि तो पडद्यावर चिकटवला. गाडी कुठे आहे ते दाखवणारा जपानी बाण खाली होता तिथेच राहिला. चाचणीअंती असं आढळलं की गाडी कुठेही नेली तरी शंभरातल्या शंभर वेळा बाण दापोलीत असतो.

"बघ," भास्करराव बायकोला म्हणाले, "दापोली आली. म्हणजे मंडणगड आलंच की."

त्या दिवशी भावाचा पुन्हा फोन आला. "आई विचारत्ये, कुठवर आलीस?" सावित्रीबाई म्हणाल्या, "निघत्येच." दापोलीचं त्यांनी सांगितलं नाही. त्या उपासाच्या दिवसांत खोटं बोलत नसत.

पुढे जपानी बाईला काढून मुकुलने स्वतःचा आवाज भरला: "थोडं पुढे जा नि तिथे कोणालाही विचारा." हे वाक्य जिल्ह्यातल्या सर्व रस्त्यांना लागू पडत असल्याने दुसरं वाक्य भरण्याचा खर्च वाचला. मग दादू गुरवाला बोलावून रीतसर गाऱ्हाणं घालण्यात आलं. "बा देवा म्हाराजा, परमुलकातलं यंत्र आणलंय, त्यास कोणाची नजर लागली असंल तर ती दूर कर रे म्हाराजा." मंडळी म्हणाली, "व्हय म्हाराजा." सावित्रीबाईही म्हणाल्या. नारळ यंत्राच्या नावाने फुटला. आईच्या नावाने एक फोडावा असं त्यांच्या मनात होतं, पण दादूला पुढच्या घरी जायचं होतं.

राहिला टीव्ही. गाडी हलली की तो आपोआप बंद होई. (जपानी माणसाला एका वेळी एकच काम जमतं.) मुकुलने ती बंदी करणारी वायर तोडून गाडीला स्वातंत्र्य दिलं. परंतु जपानची चित्र पाठवायची रीत वेगळी, आपली वेगळी. पडद्यावर नुसत्या मुंग्या. तेव्हा एक डबा मध्ये जोडून केबलवाल्याची वायर माडावरून सरळ गाडीत घेतली. चित्र आरशासारखं आलं. क्रिकेटची मालिका सुरू होती. गाडीत पाच, बोनेटवर दोन आणि खिडक्यांशी उरलेली आळी, असा कार्यक्रम रोज होऊ लागला.

"अहो, ती वायर काढून निघू या ना," सावित्रीबाई हळूच म्हणाल्या. "आईचं काही खरं नाही."

"वायर काढली की सेटिंग जातं," भास्करराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

मुकुल समजूतदार होता. "वहिनी, काळजी करू नका. लांब वायर टाकून देतो. गाडी पार फाटकापर्यंत जाईल."

दुसऱ्या दिवशी पहाटे सावित्रीबाईंनी तुळशीला पाणी घातलं, पिशवी उचलली आणि गाडीला वळसा घालून फाटकाबाहेर पडल्या. खेडच्या एसटीत त्यांना खिडकी मिळाली. त्या गेल्याचं घरात चहाच्या वेळी उघडकीस आलं.

"सांगून गेली असती तर सोडलं असतं," भास्करराव म्हणाले. "फाटकापर्यंत."

यंत्र अजून उत्तम चालतं. आजवर जे जे बघायला आले त्यांनी विचारलं, वायर कोणत्या कंपनीची, पावसात चित्र हलतं का, बॅटरी उतरत नाही का, मुकुल आणखी कोणाला बसवून देईल का. सर्वांना समाधानकारक उत्तरं मिळाली. आपल्याही मनात यातलाच एखादा प्रश्न असेल तर जरूर यावं, भास्करराव घरीच असतात. सावित्रीबाईंची आई त्यांना भेटली का, हे अजून कोणी विचारलेलं नाही. आपणही वायर फाटकापर्यंत पुरली की नाही, एवढ्यावरच अडला असाल. पुरली.