खडवलीच्या बुडाल्या होडीचे गाणे आणि सरखेल दौलतरावांचा तह

भातसा नदीमाई साक्ष. मौजे खडवली येथे होडी बुडाली आणि तिचे गाणे जाहले आणि त्या गाण्यापायी एका भल्या गृहस्थाने सहा वर्षे आपले काळीज करपविले, तो मजकूर ज्यांनी पाहिला त्यांस पुसून, आणि ज्यांनी पाहिला नाही ते अधिक बोलतात म्हणोन त्यांचेही ऐकून, लिहिला असे.

ऐसियास सन दोन हजार अठरा, वैशाखमास. राजश्री दौलतराव, आपल्या एकुलत्या होडीचे सरखेल, पैलतीराहून लग्नाचे वऱ्हाड घेऊन निघाले. होडीत अकरा असामी, पैकी करवल्या पाच आणि गळ्यात बेंजो अडकविलेला राजरत्न, वादनाचा मोठा उस्ताद, राहणार आंबिवली. मग ऐलतीर जवळ येताच करवल्यांनी सेल्फीकारणे एकाच बाजूस जमाव केला, आणि सरखेलांनी खाली बसण्याविषयी तीन वेळा फर्माविले ते कोणी मानिले नाही, आणि होडी कलली आणि मग सपशेल उलथली. एकच आकांत जाहला. कोणी कुलदैवत आठविले, कोणी मोबाईल. तीरावर गोधड्या धूत दौलतरावांच्या आत्या हौसाबाई बसल्या होत्या, वय सत्तर, आवाज तोफेचा. त्यांनी हाक दिली, "अरं मेल्यांनो, उभं रावा की!"

तेव्हा मंडळी उभी राहिली. पाणी गुडघ्याशी होते. जीवितहानी काही नाही, इज्जतीची मात्र बहुत.

त्याच लग्नमांडवी हौसाबाईंनी नवे गाणे रचून म्हटले, ते येणेप्रमाणे:

होरी बुरली, होरी बुरली, वऱ्हार बोंबललं गो,
उभं रायलं तवा कललं, पानी गुरघ्याला गो!
दौलत पलाला, दौलत पलाला, वल्हा टाकून गो!

मांडव हसून लोळला. आंबिवलीचे डीजे प्रीतम यांनी ते फोनात भरून घेतले आणि खाली ढोल घातला, आणि मग गाणे मुलूख जिंकीत चालले. आंबिवलीत माणसे तीन बुडाली, कल्याणात तीस, आणि डोंबिवलीच्या एका सोसायटीत होडीचे जहाज होऊन त्यास धुराडेही फुटले. मजकूर पालटला, मात्र दौलत पळाला हे कलम कोणी हलविले नाही.

दौलतराव कल्याणास भाजी घेण्यास गेले तरी भाजीवाली पुसे, "तो पळालेला दौलत तूच काय रे?" त्यांनी हळदीस जाणे सोडिले. मग होडी विकली आणि शेतावर गप्प राहू लागले. एकदा मात्र हिंमत बांधून त्यांनी आंबिवलीवर स्वारी केली. तेथे प्रीतम म्हणाले, "काका, सॉरी, पण पब्लिक तेच मागते ना. फेमस झालात तुम्ही!" मोहीम फसली. मग आत्याबाईंकडे अर्ज नेला. त्यांनी उत्तर दिले की गाणे गावोगाव गेले, आता त्यास परत कैसे बोलवावे? तीही मोहीम फसली.

पुढे सन दोन हजार चोवीसमध्ये दौलतरावांची कन्या रसिका, कल्याणास लॅबमध्ये नोकरीस, हिचे लग्न ठरले. हळदीदिवशी सकाळीच सरखेलांचे फर्मान सुटले की मांडवात ते गाणे वाजल्यास आपण उठून जाऊ. बाया हिरमुसल्या. दुसरी गाणी काढिली, ती चार ओळींत मेली. राजरत्न बेंजो मांडीवर घेऊन जांभया देऊ लागला. तेव्हा हळदीने माखलेली रसिका उठली आणि बापापुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, एकदाच विचारते. तुम्ही पळालेलात?"

दौलतरावांनी उपरणे सावरले. मग म्हणाले, "नाय."

"मग सहा वर्षं सांगितलं का नाही?"

"मी काय स्वतःच सांगत फिरू?"

यावर राजरत्नाने बेंजो खाली ठेविला. "अगं, मी होडीखाली अडकलेलो. बेंजोचा पट्टा गळ्याला, तोंड चिखलात. सगळे काठावर पळाले, आणि हा एकटा मागे फिरला. होडी खांद्यावर उचलली यानं, म्हणून मी आहे. हौसाबाईंना मी त्याच दिवशी सांगितलेलं!"

सर्वांच्या नजरा आत्याबाईंकडे वळल्या.

"सांगलेलंन," हौसाबाई म्हणाल्या. "पन चालीत बसना."

दौलतरावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी उपरण्याने पुसले आणि हळद गेली ऐसे सांगितले. रसिकेने त्यांचा हात सोडिला नाही. आत्याबाईंनी मान खाली घालून क्षणभर बोटांवर मात्रा मोजल्या, आणि मग म्हटले:

दौलतनं होरी खांद्यावं घेतली, बेंजोवाला वाचला गो,
होरी उचलली, लेंगा सुटला, वऱ्हार हासलं गो!

लेंग्याविषयी दौलतरावांनी जागीच हरकत घेतली. आत्याबाईंनी ती फेटाळिली: "सुटलेला. मी बघलाय."

दौलतरावांनी हरकत मागे घेतली, कारण ते खरे होते.

मग भर मांडवी तह ठरला. 'पलाला' हे कलम आजपासून रद्द, लेंगा कायम, आणि प्रीतमने नवे कडवे आठ दिवसांत कल्याण-डोंबिवली प्रांती पोचते करावे. उभयपक्षी मंजूर. आणि पहिले गायन खुद्द दौलतरावांनी केले, चाल सोडून, सूर सोडून, मोठ्याने. फत्ते जाहली.